‘तू तेव्हा लहान होतास, तुला काय आठवणार?’

होलोकॉस्टमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या कितीतरी मुलांना युद्धानंतर वर्षानुवर्षं हे ऐकावं लागलं. छावण्यांतून आलेली मोठी माणसं खरी साक्षीदार, आणि मुलं नशिबाने सुटलेली, लवकर विसरून जाणारी. मला हा त्यांच्यावर झालेला दुसरा अन्याय वाटतो.

लिथुआनियातलं कोव्नो, आजचं कौनास, घ्या. 1941 च्या ऑगस्टमध्ये नदीपलीकडच्या स्लोबोद्का वस्तीत सुमारे तीस हजार ज्यूंना काटेरी तारेआड कोंडलं. ऑक्टोबर संपता संपता एका दिवसात नऊ हजारांवर माणसं ‘नवव्या किल्ल्या’वर नेऊन गोळ्या घालून मारली. त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती.

उरलेली मुलं गप्प राहायला शिकली. तळघरात, जमिनीखाली केलेल्या लपायच्या जागेला तिथे ‘मलिना’ म्हणत. आत एक मूल रडलं की सगळे सापडणार. अशा मुलांना आपण कौतुकाने ‘समंजस’ म्हणतो. मला ते म्हणवत नाही. उपाशी पोराला रडायचीही भीती वाटावी, यात कौतुक कसलं?

27 मार्च 1944 ला ट्रक आले. दोन दिवसांत सुमारे तेराशे मुलं आणि म्हातारी माणसं घरोघर शोधून नेली. वाचवायचं तर मुलाला कुंपणाबाहेर काढायचं, जवळजवळ एवढाच मार्ग होता. तान्ह्यांना झोपेचं औषध देऊन बटाट्याच्या पोत्यांतून बाहेर नेलं जाई. 1936 साली जन्मलेला अहरोन बराक असाच पोत्यातून, कारखान्याच्या गाडीत लपून बाहेर पडला. पुढे आईसोबत तो एका लिथुआनियन शेतकऱ्याकडे राहिला. हाच मुलगा इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष झाला.

अशा गोष्टी आपण आवडीने सांगतो, कारण शेवट चांगला आहे. पण परक्या घरात नवं नाव, नव्या प्रार्थना पाठ करून, सांभाळणाऱ्या बाईलाच आई म्हणू लागलेलं मूल? युद्ध संपल्यावर एक हडकलेली, अनोळखी बाई दारात येते आणि ‘मी तुझी आई’ म्हणते. मूल तिच्यापासून पळतं. असं अनेक घरांत झालं. तिथे सुटका कधी झाली म्हणायचं?

लपवून वाचवलेल्या या मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा न्यूयॉर्कला भरला, तो थेट 1991 मध्ये. सोळाशेच्या आसपास लोक आले, बहुतेक पन्नाशी गाठलेले. त्यांतल्या अनेकांनी तोवर घरच्यांनाही काही सांगितलं नव्हतं. पोलंडमध्ये ज्यू इतिहास आयोगाने मात्र युद्ध संपताच मुलांच्या साक्षी लिहून घेतल्या होत्या. तारखा चुकलेल्या असोत, गावांची नावं अर्धवट असोत, माझ्या दृष्टीने त्या साक्षी मोठ्यांच्या जबान्यांइतक्याच भक्कम आहेत. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना तळटीप नको, मुख्य मजकुरात जागा हवी.