मोस्काल, कात्साप आणि आमचे अण्णा

विषय रशिया-युक्रेन युद्धाचाच होता. युक्रेनची माणसं रशियनांना हिणवून म्हणतात तो 'मोस्काल' शब्द संद्याने कुठूनतरी उचलून मध्येच फेकला आणि अण्णा तापले. "रशिया आपला जुना दोस्त! असली नावं ठेवणं हे सगळे अमेरिकेचे उद्योग!" आणि नेहमीप्रमाणे कट्टा थापटला.

"अमेरिका कुठून आली यात?" मुक्ता म्हणाली. ती रशियन शिकलेली. "मोस्काल म्हणजे मुळात मॉस्कोच्या राज्यातला माणूस. पुढे झारचा शिपाईही मोस्कालच. युक्रेनचा कवी शेवचेन्को १८३८ साली 'कातेरिना' या कवितेत पोरींना बजावतो, प्रेम करा, पण मोस्कालांवर नको. पलटण गावात येते, पोरीला दिवस जातात, पलटण निघून जाते. त्या पोरीने त्याला काय म्हणायचं अण्णा, मित्रराष्ट्र?"

अण्णा गप्प.

"आणि कात्साप? तेही रशियनांनाच म्हणतात ना?" मी विचारलं.

"'त्साप' म्हणजे बोकड. युक्रेनचे लढवय्ये कोसॅक दाढी भादरून मिशा आणि शेंडी राखायचे, रशियन शेतकरी दाढीवाला. म्हणून बोकडासारखा, असं लोक सांगतात. काही अभ्यासकांच्या मते मात्र तो तुर्की भाषांतून आलेला 'कसाब', आपला कसाईच. आणि रशियन तरी कुठे मागे राहिले? त्या शेंडीवरून ते युक्रेनच्या माणसाला 'खोखोल' म्हणतात."

"म्हणजे दोघांनी एकमेकांना शेंडी लावली!" संद्या.

मला मुक्ताचं पटतं. शिपायाला गावाने ठेवलेलं नाव वेगळं, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर पोटासाठी तुर्कस्तानात गेलेल्या बायकांना तिथे सरसकट 'नताशा', म्हणजे वेश्या, म्हणत, ते वेगळं. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात निव्वळ नीचपणा.

"बघा, सगळे रशियाच्या वाईटावर!" अण्णांना पुन्हा जोर आला.

"वातनिक हे नाव तर रशियनांनीच रशियनांना ठेवलंय," मुक्ता म्हणाली. " वातनिक म्हणजे कापूस भरलेलं जाकीट. २०११ मध्ये नेटवर त्याचं व्यंगचित्र आलं. सरकार म्हणेल ते खरं मानणारा, तो वातनिक. अण्णा, तुम्हाला ते जाकीट पुण्याच्या उन्हातसुद्धा फिट बसतं."

हशा झाला. अण्णांनी चिडून संद्याला धरलं. "याला विचारा! गोव्यात मोरजीला 'मला रशियन पाट्या वाचता येतात' म्हणून आम्हाला भर दुपारी 'पेक्टोपाह' शोधत फिरवलं!"

मुक्ता हसून कट्ट्यावरून घसरायची बाकी होती. "अरे, रेस्तोरान! रशियन अक्षरं इंग्रजी समजून वाचली की ते तसं दिसतं! समोरच असेल!"

"समोरच होतं!" अण्णा ओरडले. "ए पेक्टोपाह, चहा सांग!"