एका पगारातलं सुखी कुटुंब: इच्छुकांसाठी सूचना

१९५० च्या दशकातल्या अमेरिकन कुटुंबासारखा संसार ज्यांना थाटायचा आहे, त्यांनी सर्वांत आधी गोरं जन्माला यावं. ते राहून गेलं असेल तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही. तरी वाचा. आमच्या काकांनी तर एवढीही चौकशी केलेली नाही.

काका न्यू जर्सीत असतात. यंदा थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाला, मी त्यांच्याकडे होते. नातवंडांसाठी टर्की, बाकीच्यांना मसालेभात नि श्रीखंड. जेवणं उरकली, बायका भांडी आवरायला उठल्या आणि काकांनी सोफ्यावर रेलून मोबाइलवरचा एक फोटो सगळ्यांना दाखवला. टाय लावलेले वडील टर्की कापतायत, गळ्यात मोत्यांची माळ आणि वर ॲप्रन अशी आई हसतेय, मुलांचे भांग चापूनचोपून. खाली ओळ: 'एका पगारात घर, गाडी, चार मुलं. कुठे गेले ते दिवस?' समस्त पुरुषवर्गाने उसासा सोडला. दुसऱ्या दिवशी फोटो फॅमिली ग्रुपवर, खाली जोडलेल्या हातांची रांग.

तर ते दिवस परत आणायचे असतील, तर असं करा.

घर लाँग आयलंडवरच्या लेविटाउनमध्ये बघा. १९४७ पासून तिथे एकसारखी घरं धडाधड उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कर्जाला सरकारची हमी होती. सुरुवातीच्या करारातलं एक कलम तेवढं वाचून घ्या: गोऱ्या वंशाखेरीज कुणीही या घरात राहायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून. म्हणजे काका, तुम्हाला अगदीच मज्जाव नव्हता. हातात पोतेरं घेऊन आत जाता आलं असतं. पुढे १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटाउनमध्ये पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा शेजाऱ्यांचा जमाव दगड घेऊन जमला. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

व्हिसाची काळजी नको. १९४६ च्या कायद्याने अख्ख्या भारताला वर्षाला १०० जागा दिल्या होत्या. शंभर! आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. १९६५ मध्ये कायदा बदलला म्हणून काका पुढे विमानात बसले, हे त्यांना कुणीतरी सांगा.

कर भरायची तयारी ठेवा. सर्वांत वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर ९१ टक्के.

युनियनचं कार्ड काढा. तो एक पगार पुरायचा त्यामागे युनियनचा हात मोठा होता. साधारण तीन कामगारांमागे एक जण सभासद असे. (युनियनबद्दल काकांचं मत काय आहे ते विचारू नका. जेवण जाणार नाही.)

मुलांना ख्रिसमसला काय द्यावं? १९५० मध्ये दुकानात अणुऊर्जेचा खेळ आला होता, किंमत ४९ डॉलर ५० सेंट, आत खरंखुरं युरेनियमचं खनिज. आणा. शाळेत मुलं बाँबच्या भीतीने बाकाखाली लपायची कवायत करतच असतात, घरीही सराव होईल.

सणाच्या बातम्या मात्र ऐकू नका. ९ नोव्हेंबर १९५९ ला, थँक्सगिव्हिंग तोंडावर असताना, सरकारने जाहीर केलं की काही क्रॅनबेरीत (ती आंबट लाल फळं, टर्कीबरोबर त्यांचाच सॉस लागतो) तणनाशकाचा अंश सापडलाय. लोकांनी क्रॅनबेरीकडे पाठ फिरवली. व्हाइट हाउसच्या टेबलावरही त्या वर्षी सफरचंदाचा सॉस होता. पूर्वीचं अन्न कसं शुद्ध होतं, नाही?

वर्षाअखेरीला घरच्या बातम्यांचं पत्र लिहा, सायक्लोस्टाइल करा आणि ख्रिसमसच्या कार्डात घालून सगळ्यांना धाडा. थोरल्याला बढती, मधल्याला बेसबॉलचं बक्षीस, नवी गाडी, कुत्र्याची तब्येत. आईच्या वाट्याला शेवटची ओळ: 'आणि मी नेहमीसारखीच कामात!'

ही नेहमीसारखी कामातली बाई तुम्हाला लागणारच, तिच्याशिवाय फोटो होत नाही. तिने सकाळी सगळ्यांचे डबे भरावेत, शर्ट इस्त्री करावेत, फरशी चकचकीत ठेवावी, जिलेटिनमध्ये भाज्या थिजवून त्याला सॅलड म्हणावं आणि संध्याकाळी नवरा यायच्या आत लिपस्टिक लावून दारात उभं राहावं. एवढं सगळं हसत करता यावं म्हणून १९५५ मध्ये मिलटाउन नावाची मन शांत करणारी गोळी बाजारात आली. तिला इतकी मागणी की औषधांच्या दुकानांवर 'मिलटाउन संपली' अशा पाट्या लागल्या. एवढं सुख होतं त्या घरांत! त्या बाईला स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड हवं असेल तर नवऱ्याची सही आणा म्हणून बँक तिला परत पाठवू शकत होती. ते कायद्याने बंद व्हायला १९७४ उजाडलं. आणि तिच्याही स्वयंपाकघरात एखादी कृष्णवर्णीय बाई राबत असेल, तर ती स्वतःची मुलं घरी ठेवून आलेली असायची. तिचा पगार तुमच्या त्या 'एका पगारात' कुणीच धरत नाही. ती फोटोतही नसते.

पुरे झाली थट्टा. काका, तुमचं घर एका पगारात झालेलं नाही. काकूने नोकरी केली, तुमचं काम सुटलं तेव्हा मुलांचा आरोग्यविमा तिच्याच नोकरीवर चालला, हे सगळ्या घराला माहीत आहे. परवा ती पहाटेपासून उभी होती आणि तिच्यासमोर तुम्ही तो फोटो फिरवलात. तिला काय वाटलं असेल याचा विचार तुमच्या मनाला शिवला तरी का? आणि खाली हात जोडणाऱ्या आत्या-मावश्यांनो, तुम्हाला काय झालंय? तुमच्यातल्या निम्म्या जणी स्वतःच्या पेन्शनवर जगताय, कुणापुढे हात न पसरता. हाच फोटो सुनांना पाठवताना जरा तरी लाज वाटू द्या.