एवढे पैसे भरून झोपायचं काय?

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलोय. लांब होईल. ज्यांच्या घरात सहा-सात वर्षांच्या आतलं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या मेहुण्यानं घरच्या ग्रुपवर दसऱ्याच्या सुट्टीचा प्लॅन टाकला. शुक्रवारी रात्री नऊला बेळगावातनं स्लीपर बस, पहाटे बेंगळूर, स्टँडवरच तोंड धुऊन नाष्टा, सकाळी वंडरला ह्या पाळण्यांच्या पार्कच्या दारात हजर, संध्याकाळी पार्क बंद होईपर्यंत आत, तिथनं मॉल, रात्री परत बस, रविवारी सकाळी घर. जाणार कोण? तो, त्याची बायको, साडेतीन वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि आमच्या सासूबाई, ज्यांना गुडघ्यामुळं आमच्या माडीच्या पायऱ्या चढवत नाहीत. मी एवढंच लिहिलं, एक रात्र तिथं मुक्काम कर, आणि दुपारी पोरांना दोन तास झोपव. त्यावर त्याचं उत्तर आलं, "दाजी, एवढे पैसे भरून झोपायचं काय?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात एक चेहरा माझ्या सख्ख्या भावाचा.

हसले त्याचं काही नाही. पण ते वाक्य माझं आहे. तीन वर्षांपूर्वी अगदी ह्याच शब्दांत, ह्याच सुरात मी माझ्या आईला म्हणालो होतो. म्हणून सकाळपासून दुकानात गिऱ्हाइकाकडं लक्ष लागत नाही.

ते सांगतो. थोरला तेव्हा चार पुरा झालेला, धाकटी वर्षाची. मे महिना, लग्नसराई. बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात कापडाचं दुकान असलेल्या माणसाला मे महिन्यात दोन दिवस शटर खाली ओढणं म्हणजे काय, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. तरी ओढलं. पोरानं महिनाभर आधी मोबाईलवर त्या पार्कातली एक लाल होडी बघून ठेवली होती. वरनं पाण्यात धाडकन येते ती. जेवताना लाल होडी, अंघोळीला लाल होडी, आज्जीच्या मांडीवर बसून लाल होडी. रात्रभर प्रवास करून आम्ही पोचलो. पार्क कुठलं ते लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती.

होडीच्या रांगेत पाऊण तास. लोखंडी दांड्यांमधनं वळत वळत जाणारी रांग, वर पत्रा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पोर एकदाही कुरकुरलं नाही. आणि अगदी दाराशी आल्यावर तिथल्या मुलीनं त्याला भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीजवळ उभं केलं. तीन बोटं कमी. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं हळूच टाचा उचलल्या. ती मुलगी खाली वाकली आणि तिनं एका बोटानं त्याच्या टाचेला नुसता स्पर्श केला. रागावली नाही, काही बोलली नाही. त्यानं टाचा खाली टेकवल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी काय केलं? तिच्याशी भांडलो. "बसू दे की, मी धरतो त्याला." ती नाही म्हणाली, आणि तिचंच बरोबर होतं. मांडीवर येणारा तो दांडा ठरावीक अंगाच्या माणसाला धरायला बनवलेला असतो, लहान पोर त्याच्या खालनं निसटू शकतं. बापाच्या हातात कितीही जोर असला तरी त्या झटक्यापुढं काही चालत नाही. हे आज कळतंय. त्या वेळी मला फक्त पाऊण तास आणि तिकिटाचे पैसे दिसत होते. मग पोरानं तिथंच फरशीवर अंग टाकून रडायला सुरुवात केली, आणि मी सगळ्या रांगेसमोर ओरडलो, "रात्रभर प्रवास करून तुला इथं रडायला आणलं काय?"

तो गप्प झाला. एका क्षणात. हुंदका अर्धा आत, अर्धा बाहेर.

ते गप्प होणं मला अजून ऐकू येतं. ज्यांनी ज्यांनी पोरांना असं गप्प केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते समजेल.

आई तिकडं झाडाखाली कट्ट्यावर बसली होती. धाकटी तिच्या मांडीवर, तोंडावर पदर घातलेला. थोरला जाऊन तिच्या शेजारी पिशवीवर डोकं ठेवून आडवा झाला, पायात बूट तसेच. आई म्हणाली, झोपू दे त्याला, रात्री नीट झोप कुठं झालीय. आणि तेव्हा मी म्हणालो ते वाक्य. एवढे पैसे भरून झोपायचं काय. आई काही बोलली नाही, त्याच्या बुटाची लेस तेवढी सोडली.

आम्हाला वसुलीची सवय लागलीय, हेच खरं दुखणं आहे. उधारीची वसुली समजू शकतो, मी रोज करतो. पण पोराच्या आनंदाची वसुली? तिकीट भागिले तास, तास भागिले राईड. आत शिरल्यावर नकाशा उघडून "हे झालं, हे झालं, हे राहिलं" करत सगळ्या घरादाराला पळवणारा माणूस तुम्हीही बघितला असेल. त्याच्या मागं अर्धी बाटली पाणी आणि रडवेलं पोर घेऊन पळणारी त्याची बायको पण बघितली असेल. तिला विचारा सहल कशी झाली. ती "छान झाली" म्हणेल आणि पुढचे दोन दिवस पोराचा ताप मोजत बसेल.

ज्यांना रजा मिळत नाही, त्यांना एकाच दिवसात सगळं आटपावं लागतं, हे मान्य. मुक्कामाचा खर्च वाढतो, तेही मान्य. पण मग वर्षभर थांबा की. पार्क कुठं पळून जात नाही. वंडरला 2005 पासून बिडदीजवळ आहे, खोपोलीचं इमॅजिका 2013 पासून आहे, पुढच्या वर्षीही असणार. आज पोर साडेतीन वर्षांचं आहे. त्याला तुमच्या खांद्यावर बसून घरामागच्या शेताच्या बांधापर्यंत जाणं आणि बेंगळूरला जाणं ह्यात फारसा फरक वाटत नाही. फरक तुम्हाला वाटतो, स्टेटसवर फोटो टाकायचा असतो म्हणून. हे कडू लागेल, पण खरं आहे.

बरं, नुसता राग कशाला. आपण बेळगावकर मधोमध राहतो, ह्याचा एक फायदा आहे जो कुणी घेत नाही. आपल्या शाळांना लांब सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. उन्हाळ्यात आपली पोरं एप्रिलमध्येच मोकळी होतात, कोल्हापूर-पुण्याची मे महिन्यात. आतेभावंडं-मामेभावंडं एकमेकांच्या सुट्टीला कधी जुळत नाहीत म्हणून आपण आयुष्यभर रडलो, पण पार्कला जायला हेच उपयोगी पडतं. दसऱ्यात तुम्ही वर, पुण्याच्या बाजूला जा. तिथली पोरं शाळेत असतात. मधल्या वारी गेलात तर रांगेचा त्रास निम्मा. ह्या उलट दसऱ्यात वंडरला म्हणजे म्हैसूर रोड, आणि दसऱ्यात म्हैसूरच्या रस्त्याला कोण कोण असतं ते सांगायला पाहिजे काय? मेहुण्याला हेच सांगायचं होतं, पण त्याच्या आधी हसून मोकळे झाले सगळे.

आणि बेंगळूरलाच जायचं असेल तर रात्रीची बस सोडा. रेल्वेवाल्या जुन्या लोकांना रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसची सवय आहे, झोपून जायला ती बरीच. पण 2025 च्या ऑगस्टपासून आपल्या बेळगावातनं वंदे भारत सुटते, पहाटे निघून दुपारी बेंगळूर. पोरं खिडकीला नाक लावून बसतात, डुलकी काढतात. दुपारी उतरा, खोलीवर जा, अंघोळ घाला, दहीभात भरवा, झोपवा. पार्क दुसऱ्या दिवशी. वर पुण्याकडं जायचं तर हुबळी-पुणे वंदे भारत आहेच, आठवड्यातनं तीन दिवस. गाडीनं जाणार असाल तर कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीच्या कामात किती वेळ जाईल ह्याचा नेम धरू नका, साताऱ्यात मुक्काम ठेवा. आणि एसटीवर विसंबायचं तर सीमेवर बस कधी थांबवतील ह्याचा अनुभव आपल्याला नव्यानं घ्यायला नको.

पार्कात दार उघडायच्या आधी पोचा. पहिले दीड-दोन तास रांगा छोट्या असतात, ऊनही बेताचं असतं, पोरं ताजी असतात. तेवढ्यात लहान पोरांचे चार पाळणे निवांत होतात. चार बास झाले. चार म्हणजे खूप झाले. साडेबाराला जेवण, मग सावली बघून झोप. झोपण्यासाठी चादर घरातनं न्या, जुनी, मऊ, त्या पोराच्या ओळखीची. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कात सोडत नाहीत, पण बाळाचं खाणं सहसा सोडतात, आधी फोन करून विचारा. पाण्यात खेळायला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, तिथं विकत घेण्यापेक्षा इथनंच न्या. हे मी कापडवाला म्हणून सांगत नाही, माझ्या दुकानात ते मिळतही नाहीत.

पोराच्या मनगटावर मोबाईल नंबर लिहा. आम्ही आमच्या शेजारच्या कन्नड काकूंकडनं थोरल्याला एक वाक्य पाठ करून घेतलंय, "नम्मप्प काणिस्ता इल्ला", आमचे पप्पा दिसत नाहीत. घरात मराठी, शाळेत मराठी, पण हरवलं तर वॉचमनला कळायला पाहिजे. इथं भाषेचा वाद घालू नका कुणी. पोर सापडलं पाहिजे एवढंच.

आजी-आजोबांना नेणार असाल तर त्यांना पिशव्या राखायला नेऊ नका. माझ्या आईनं त्या दिवशी सहा तास बूट, पिशव्या आणि झोपलेली नात सांभाळली आणि एकही पाळणा बघितला नाही. संध्याकाळी निघताना मी विचारलं, आई, तू काही बघितलंच नाहीस की. म्हणाली, बघितलं की, पोरं झोपलेली बघितली. मला तेव्हा तेही समजलं नाही. आई आता प्रवासाला नाही म्हणते. मी आग्रह करत नाही, कारण मला माहीत आहे का नाही म्हणते ते.

हे लिहिताना रात्रीचे साडेदहा झालेत आणि राग जवळजवळ उतरलाय. मेहुणा वाईट माणूस नाही. पोरांवर जीव आहे त्याचा, म्हणूनच एवढं सगळं एका दिवसात कोंबायला बघतोय. माझाही होता की जीव.

त्या सहलीवरनं आल्यावर थोरल्यानं एक सुरू केलं. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि आज्जीला पेन्सिलनं रेघ मारायला लावायचा. पहिले काही दिवस रोज. मग रविवारी रविवारी. आई सांगते, सुरुवातीला तो टाचा उचलायचा, आणि मग आपणच खाली बघून टेकवायचा. कुणी सांगायच्या आधी. मी दुकानातनं येऊन त्या रेघा बघायचो आणि काही बोलायचो नाही. गेल्या वर्षी रंगकाम काढलं तेव्हा पेंटर त्या चौकटीला हात लावणार तर बायकोनं त्याला थांबवलं. घरभर नवा रंग आणि ती एक चौकट जुनी.

आता तो सात वर्षांचा आहे. त्या लाल होडीला लागणारी उंची त्यानं केव्हाच ओलांडली. आता जाऊया काय म्हणून विचारलं तर म्हणाला, धाकटी बसेल काय त्यात? नाही बसणार, ती चार वर्षांची आहे. मग नको म्हणाला, तिची उंची झाल्यावर जाऊया, मी थांबतो.

आज ग्रुपवरचं ते सगळं झाल्यावर संध्याकाळी घरी आलो तर दोघं चौकटीपाशी होते. धाकटी पाठ टेकवून ताठ उभी, हनुवटी वर, आणि टाचा उचललेल्या. थोरला खाली वाकला, एका बोटानं त्यानं तिच्या टाचेला स्पर्श केला. तिनं पाय खाली टेकवले. मग त्यानं रेघ मारली.

मी बाहेरच थांबलो थोडा वेळ.

मेहुण्याला उद्या फोन करणार आहे. ग्रुपवर नाही, फोन. निदान एक रात्र मुक्काम धर म्हणून सांगणार, आणि नाही जमलं तर सासूबाईंना आमच्याकडं सोड म्हणणार. बाकी कुणी दसऱ्यात जाणार असाल तर निघायच्या आधी पोरांची उंची घरीच मोजा, बूट काढून, आणि कुठल्या पाळण्याला किती लागते ते पार्कच्या वेबसाईटवर बघून घ्या. जे बसता येणार नाही त्याचे व्हिडिओ आधीपासून दाखवत बसू नका. घरात मोजायला काही नसलं तर पोराला घेऊन दुकानात या. मीटरपट्टी आहे, चहाही होईल.