काश्मीर ते कन्याकुमारी एकच थंडी?

थंडीची चाहूल लागली की हा मेसेज फिरायला लागतो: 'पुढचे पाच दिवस काश्मीर ते कन्याकुमारी थंडीची लाट. महाबळेश्वरात बर्फ पडला, पारा शून्याखाली. हवामान खात्याचा रेड अलर्ट. सगळ्यांना पाठवा.' आमच्या निफाडच्या द्राक्षपट्ट्यात असा मेसेज आला की बागेत शेकोट्यांची तयारी सुरू होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कन्याकुमारी. तमिळनाडूत हे दिवस ईशान्य मोसमी पावसाचे. तिथं लाट कसली, छत्र्या उघडलेल्या असतात. उत्तरेची गोष्ट वेगळी. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात, म्हणजे कमी दाबाचे ढगाळ पट्टे, काश्मीर-हिमाचलात बर्फ आणतात. झंझावात डोक्यावर असेपर्यंत ढगांमुळे रात्री उलट कमी गार असतात. तो सरकून आकाश मोकळं झालं की कोरडे वारे सुटतात आणि पंजाब-राजस्थानातून गारठा खाली उतरतो. आपल्यापर्यंत तो पोचेलच असं नाही. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंजल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं, पूर्वेकडून बाष्प आलं आणि महाराष्ट्रातली थंडी गायब झाली. त्या डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईचा पारा 37 अंशांवर गेला होता!

महाबळेश्वरचे फोटो मात्र बहुतेक खरेच असतात. वेण्णा लेकच्या काठी गवतावर, गाड्यांच्या टपांवर पहाटे पांढरा थर दिसतो. पण तो आकाशातून पडलेला बर्फ नव्हे, ते गोठलेलं दव. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्यानं उष्णता सोडते आणि जड, गार हवा तळ्याच्या खोलगट भागात साचते. गवताचं पातं शून्याला टेकलं, तरी जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीच्या पेटीत ठेवलेला तापमापक काही अंश जास्त दाखवतो. बातमीतला 'पारा' म्हणजे हा तापमापक.

रेड अलर्टचं थोडक्यात. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी, किंवा थेट 4 अंशांवर आलं, तरच खातं लाट म्हणतं. शिवाय खात्याचा इशारा तारखेसह, जिल्हानिहाय असतो. खातं देशाचे 36 हवामान उपविभाग धरतं, एकट्या महाराष्ट्रात चार. मेसेजमध्ये ना जिल्हा, ना तारीख.

तारीख नसणं आम्हाला फार महागात पडतं. कडाका असेल तर मण्यांची फुगवण थांबते, मग पहाटे पाणी द्या, शेकोट्या करा. ढगाळ असेल तर डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगाची) भीती, मग फवारणी आधी. दोन्हीची तयारी उलटी. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडच्या बागा गारपिटीनं झोपल्या. दिवस थंडीचेच होते, आणि मणी अवकाळी पावसानं तडकले होते.