एका जनुकावरून प्रजाती ठरत नाही

‘डीएनएचा एक तुकडा वाचा, दोन-तीन टक्के फरक दिसला की प्रजाती वेगळी, वंशवृक्षही त्यातूनच मिळतो, आता पाकळ्या आणि पाय मोजत बसणारे तज्ज्ञ कशाला?’ हा दावा सध्या सर्रास फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

एकच तुकडा सगळ्यांना चालतो? नाही. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी सुचवलेला तुकडा मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या) सीओआय जनुकाचा, साधारण ६५० अक्षरांचा. वनस्पतींत हे जनुक फारच सावकाश बदलतं, म्हणून तिथे हरितलवकातली आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांची जोडी घेतात. बुरशीसाठी आणखी तिसराच तुकडा, आयटीएस.

दोन-तीन टक्के हा तर ढोबळ अंदाज. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले शेकडो प्रजातींचे सिक्लिड मासे इतक्या अलीकडे वेगळे झाले की त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जवळपास सारखाच निघतो. उलट जमिनीवरच्या काही गोगलगायींत एकाच प्रजातीत याच्या कितीतरी पट फरक सापडतो.

खरी गफलत वंशवृक्षाची आहे. मायटोकॉन्ड्रिया सहसा फक्त आईकडून येतो, म्हणजे त्याच्या डीएनएत एकाच बाजूचं घराणं दिसतं. केवळ तो पाहिला तर ध्रुवीय अस्वलं तपकिरी अस्वलांचीच एक पोटशाखा ठरतात, अलास्काजवळच्या अ‍ॅडमिरल्टी, बारानोफ आणि चिचागोफ बेटांवरच्या अस्वलांना सगळ्यात जवळची. केंद्रकातला डीएनए वाचल्यावर मात्र त्यांची फांदी स्वतंत्र आणि बरीच जुनी निघाली. ती जवळीक पूर्वी झालेल्या संकराची खूण होती. कीटकांत तर वोल्बाकिया नावाचा, आईकडूनच पिल्लांत उतरणारा जिवाणूही असाच घोळ घालतो. याचा अर्थ डीएनए कुचकामी, असा नाही बरं का! देवमासा पाणघोड्याचा जवळचा नातलग, हे डीएनएनेच आधी सांगितलं. पण त्यासाठी जनुकसंचातल्या अनेक जागा तपासल्या होत्या. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या जीवाश्मांच्या घोट्याच्या हाडांनी देवमासे पाणघोड्यासारख्या समखुरी (सम संख्येत खूर असलेल्या) प्राण्यांतलेच, याला दुजोरा दिला.

राहता राहिले तज्ज्ञ. नमुन्याचा तुकडा जुळवायचा कशाशी? आधीच साठवलेल्या तुकड्यांशी, आणि त्यांवरची नावं नमुना हाताळून माणसांनीच लिहिलेली असतात. तिथे नाव चुकलं, तर पुढच्या प्रत्येक जुळणाऱ्या नमुन्याला तेच चुकीचं नाव मिळत राहतं. ते दुरुस्त करायला संग्रहालयातला मूळ नमुना काढून त्याच्या पाकळ्या, पाय पुन्हा कुणाला तरी मोजावेच लागतात.