काका, "किती मिळाले" नको, "किती गेले" ते विचारा

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर दोन मेसेज एकापाठोपाठ आले आणि डोकं फिरलं. पहिला, चुलतभावाच्या लग्नाची एक्सेल शीट. हॉलचा अ‍ॅडव्हान्स, केटरर, मानपानाच्या साड्या, गुरुजींची दक्षिणा, अगदी अक्षतांच्या पुड्यांनासुद्धा वेगळा रकाना. वा वा झालं. आणि लगेच खाली एका काकांचा मेसेज, आमच्या एका भाचीचं सासरी बिनसलंय त्यावर, "आता काय, घसघशीत पोटगी घेईल आणि मोकळी होईल." त्यावर चार जण हसले पण.

काका, वयाचा मान ठेवून गप्प बसले तिथे. इथे नाही बसणार.

माझ्या लग्नाचीही अशीच वही होती. लग्न मोडायच्या खर्चाची मात्र कुणाकडेच नव्हती. आईने फक्त एक केलं, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जिथे ती दुधाचा हिशेब लिहायची तिथेच माझ्या कोर्टाच्या तारखा आणि खर्च लिहायला लागली. "दूध १ लि." आणि खाली "पुणे, १४००".

सांगली-पुणे. बायको राहते तिथेही घटस्फोटाची केस टाकता येते हे वकिलांनी सांगितलं होतं, पण मी भांडणाच्या भरात, नवऱ्याच्या दारात जाऊनच लढेन म्हणत पुण्यात टाकली. त्या माजाचे पैसे मीच भरले. तीन वर्षांत ३१ तारखा. आणि तेव्हा बायकांना एसटीचं अर्धं तिकीट पण नव्हतं, ते २०२३ ला आलं, तोवर माझं आटोपलं होतं. एका तारखेला बस रिक्षा चहा-नाश्ता धरून १४०० आणि वर बिनपगारी रजा, आणि पोचलं की कळायचं साहेब आज रजेवर, किंवा समोरच्या वकिलांनी मुदत मागितलीय. पहिल्यांदा ऐकून मी तिथल्या बाकड्यावर रडले होते, दहाव्या वेळी डबा उघडून पोहे खाल्ले. वकिलांना ४०,००० आणि हजेरीचे दर वेळी १५००. सगळ्यांना वाटतं वकीलच खातो, माझा प्रवास आणि कापलेला पगार त्याच्याहून जास्त निघाला. एकूण एक लाख ऐंशीच्या घरात. बाबांनी एफडी मोडली, मला नंतर कळलं.

आणि त्यात झेरॉक्स. अर्ज, एफिडेव्हिट, तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट. सुप्रीम कोर्टाने २०२० पासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही मालमत्तेचं सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायला लावलंय, ते बरोबरच आहे, पण त्याचे सेट काढताना हात दुखतो. कोर्टाबाहेरचा झेरॉक्सवाला दर वेळी मान वर न करता विचारायचा, "ताई, किती सेट?"

हो, खोट्या केसेस होतात, पुरुषही पिळले जातात. मान्य. पुढे.

मला राग कशाचा येतो सांगू? जे फुकट होतं तेही मला कुणी सांगितलं नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, तिला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. घटस्फोटाच्या केसला बायकांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. आमच्या घरात मात्र शेजाऱ्यांना कळू नये म्हणून विचारायचंच नाही असं ठरलेलं, त्या लाजेचे पैसे पण त्या एक लाख ऐंशीत आहेत.

आणि फ्लॅट! कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे आमच्या दोघांच्या लेखी समझोत्यात, लिहिलं की हप्ते तो भरेल. मी खूश. बँकेला तुमच्या टर्म्सशी काही घेणं नसतं हो, कर्जावर माझी सही आहे तोवर मीही देणेकरी. त्याचे तीन हप्ते चुकले आणि सिबिल माझं पडलं. सही करायच्या आधी बँकेत जाऊन कर्जावरून नाव काढून घ्या, मगच बाकीचं.

शेवटी म्युच्युअलच केलं, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, जे पहिल्याच वर्षी करता आलं असतं. दोन अर्जांमध्ये सहा महिने थांबायचं, तेही २०१७ च्या निकालानंतर कोर्टाला वाटलं तर माफ करता येतात. पण पहिल्या वर्षी आम्ही दोघंही कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. माझ्याही चुका होत्या, लिहिताना हात अडखळतोय पण होत्या.

शेवटच्या तारखेला झेरॉक्सच्या रांगेत तो माझ्या मागे उभा होता. त्याच्याकडे पाचशेची नोट, दुकानदाराकडे सुट्टे नाहीत, नेटवर्क गेलेलं. ३६ रुपये झाले होते, मी दिले. तो म्हणाला "देतो नंतर" आणि दोघांनाही हसू आलं. किती बारीक झाला होता. त्याचेही केवढे गेले असतील, मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी त्या भाचीचा फोन आला, "मावशी, आधी काय करू?" म्हटलं वकिलाला पहिल्याच भेटीत विचार, फी एकरकमी की दर तारखेला, आणि ते लिहून घे. मग कर्जाचं स्टेटमेंट काढ. तुझे दागिने तुझ्या ताब्यात घे, फोटो काढून ठेव. पासबुक वेगळं कर. मेडिक्लेम त्याच्या पॉलिसीत असेल तर स्वतःचा बघ. मग रड, मी आहे.

फोन ठेवून माळ्यावरून ते जुनं कालनिर्णय काढलं. आईने फेकलेलं नाही. शेवटच्या तारखेच्या चौकोनात तिच्या अक्षरात "पुणे १४००, झेरॉक्स ३६ (त्याचे)". आणि वर, दुधाला खाडा. त्या दिवशी तीही आली होती माझ्याबरोबर.