गच्चीवरची तार

आत्ताच सोसायटीच्या मीटिंगमधून उठून आलेय. विषय काय, तर गच्चीवरची माझी हॅम रेडिओची अँटेना. हॅम म्हणजे परवाना काढून छंद म्हणून बिनतारी सेटवर बोलणारे लोक. "आता कशाला हवंय हे? सगळ्यांकडे मोबाइल आहेत. आणि आपत्तीसाठी आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय की!" माना डोलल्या.

ग्रुप काढला म्हणजे नक्की काय केलं हो? पुराच्या त्या रात्री माझ्याही फोनमध्ये ग्रुप होते. बॅटरी ८० टक्के, रेंज शून्य. आई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी, आणि मी तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत बसलेले.

शेवटी शेजारच्या काकांकडे धावले. तेही हॅम. गाडीची बॅटरी काढून त्यावर रेडिओ सेट लावलेला, अँटेनाची तार खिडकीतून बाहेर. काका माईकवर कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं ओळखचिन्ह, सांगायचे, थांबायचे, ऐकायचे. पुन्हा सांगायचे.

लोकांना वाटतं मोबाइल म्हणजे बिनतारी. बिनतारी फक्त टॉवरपर्यंत! पुढे केबल, वीज, एक्स्चेंज. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, मग डिझेल, आणि ते पोचवायला रस्ता शिल्लक हवा. टॉवर वाचलाच तरी सगळे एकदम फोन लावतात आणि लाइन जाम. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोतले ९० टक्क्यांहून जास्त टॉवर बंद होते. आमचा ग्रुप कशावर चालणार होता म्हणे?

हॅमचं बोलणं सेट ते सेट. ७ मेगाहर्ट्झला २० मीटर तार पुरते. लहर वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागून खाली येते, मध्ये कुणाचा टॉवर लागत नाही.

मान्य, रस्त्यावर अपघात झाला तर मीही आधी मोबाइलच काढीन. आता काही फोन थेट उपग्रहाला संदेश धाडतात, तेही मान्य. पण तो निरोप एकालाच जातो. सेटवर एक बोलला की बँडवरचे, म्हणजे त्याच लहरींवर सेट लावलेले, सगळे ऐकतात, आणि ज्याला जमेल तो पुढे होतो. काकांचंही तसंच झालं. कुणा तिसऱ्यानेच ऐकलं, त्याने आईच्या भागातल्या हॅमला गाठलं. पहाटे काकांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. "आई वरच्या मजल्यावर आहेत, सुखरूप. ओव्हर."

हे लिहितानाही घसा दाटून आलाय.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचं पथक हॅमच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होतं. छंदासाठी नेलेल्या त्या सेटवरून अंदमानातल्या माणसांचे निरोप त्यांच्या घरी पोचले. छंद म्हणून हिणवताना एवढं तरी आठवा.

काका गेले. त्यांचा सेट माझ्याकडे आहे, परीक्षा देऊन परवानाही काढलाय. तार मी उतरवणार नाही.

पुढच्या मीटिंगला सेट आणि बॅटरी घेऊन जाणार आहे. सगळ्यांना फोन बंद करायला सांगीन. त्या रात्री आईपर्यंत गेलेले गृहस्थ अजून रोज संध्याकाळी हॅमच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सगळे सेटवर जमतात तिथे, येतात. त्यांनाच हाक मारीन.